आधी लिम्फोमाचं नाव, मग पीडी-एल१चा आकडा

इम्युनोथेरपी (शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारा उपचार) आणि तिच्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या पीडी-१, पीडी-एल१ या तपासण्यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सगळे प्रश्न लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे आहेत. लिम्फोमाच्या स्लाइड रोज वाचणारे पॅथॉलॉजिस्ट आणि या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा भाऊ २७ वर्षांचा आहे. मानेची गाठ काढून तपासली, क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा निघाला. रिपोर्टमध्ये सीडी३०, सीडी१५, पॅक्स५ वगैरे आहे, पण पीडी-एल१ नाही. आमच्या काकांना फुप्फुसाचा कॅन्सर होता, तेव्हा पीडी-एल१ किती टक्के आहे यावर औषध ठरलं होतं. भावाची ही टेस्ट राहून गेली का? — वाचक, इचलकरंजी

राहून गेलेली नाही. ती मुद्दाम करून घेण्याची या घडीला गरजही नाही.

टी-पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ त्याला येऊन चिकटलं की टी-पेशीचा जोर ओसरतो, जणू ब्रेक लागतो. एरवी ही सोय आपल्या भल्यासाठीच असते. संसर्ग आटोक्यात आल्यावरही टी-पेशी थांबल्या नाहीत, तर त्या आपल्याच अवयवांना इजा करतील. क्योतोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधलं आणि २०१८चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. ॲलिसन यांचं काम सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर होतं. कॅन्सरच्या पेशी हा पीडी-१चा ब्रेक स्वतःच्या बचावासाठी वापरतात. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं पीडी-१वर बसतात आणि पीडी-एल१ला तिथे चिकटू देत नाहीत.

आता हॉजकिनचं वेगळेपण बघा. नऊ नंबरच्या क्रोमोसोमच्या आखूड बाहूवर ९पी२४.१ नावाची जागा आहे. तिथे पीडी-एल१, पीडी-एल२ आणि जेएके२ ही तीन जनुकं जवळजवळ आहेत. हॉजकिनच्या रीड-स्टर्नबर्ग पेशींत, म्हणजे या आजाराच्या मोठ्या कॅन्सर पेशींत, या जागेच्या जास्तीच्या प्रती तयार झालेल्या असतात. प्रती वाढल्या की पीडी-एल१ वाढतं, आणि त्यांच्यासोबत वाढलेलं जेएके२ त्यात आणखी भर घालतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०८ रुग्णांच्या गाठी तपासल्या होत्या. त्यांतल्या ९७ टक्के गाठींत हा बदल सापडला. ५ टक्क्यांत पॉलिसोमी (अख्ख्या क्रोमोसोमच्याच जास्तीच्या प्रती), ५६ टक्क्यांत कॉपी गेन (या जागेच्या थोड्या जास्त प्रती) आणि ३६ टक्क्यांत ॲम्प्लिफिकेशन (खूप जास्त प्रती) होतं. याशिवाय गाठीत ईबीव्ही हा विषाणू असेल, तर त्याचं एलएमपी१ प्रथिनही पीडी-एल१ वाढवतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये एका रुग्णाचा आकडा शून्य तर दुसऱ्याचा ८० टक्के असतो, म्हणून तिथे १ टक्का आणि ५० टक्के या रेषांना अर्थ आहे. क्लासिकल हॉजकिनमध्ये जवळपास प्रत्येकाची टेस्ट पॉझिटिव्ह येणार. मग तिने निवड कसली करणार? निवोलुमॅबला अमेरिकेत मे २०१६ मध्ये आणि पेम्ब्रोलिझुमॅबला मार्च २०१७ मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली, ती पीडी-एल१च्या अटीशिवाय. केमो आणि ब्रेंटुक्सिमॅब (सीडी३० असलेल्या पेशींना लक्ष्य करणारं औषध) यांनंतरही आजार उलटलेल्यांत, किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्यांत, पेम्ब्रोलिझुमॅबने २१० पैकी ६९ टक्के रुग्णांचा आजार निम्म्याहून कमी झाला किंवा नाहीसा झाला. तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजच्या नव्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ वर्षांवरचे रुग्ण होते. एव्हीडी या तीन औषधांच्या केमोसोबत निवोलुमॅब घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के दोन वर्षांनी आजार न वाढता होते. एव्हीडीसोबत ब्रेंटुक्सिमॅब घेणाऱ्यांत हे प्रमाण ८३ टक्के होतं.

त्यामुळे डॉक्टरांना पीडी-एल१बद्दल विचारण्याऐवजी भावाची स्टेज कोणती, आणि एबीव्हीडी (एव्हीडीत ब्लिओमायसिन मिळवलेली केमो) की निवोलुमॅब-एव्हीडी, हे विचारा. दुसरं काम म्हणजे मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या आणि थंड, कोरड्या जागी नीट ठेवा. पुढे आजार उलटला किंवा दुसऱ्या केंद्रात मत घ्यायचं झालं, तर कागदापेक्षा ब्लॉक महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न : आईला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा आहे. आर-चॉप या केमोच्या सहा सायकलनंतर आठ महिन्यांत आजार परत आला. एका लॅबने पीडी-एल१ ७० टक्के दिलं आहे. आकडा एवढा जास्त असताना डॉक्टर इम्युनोथेरपी नको का म्हणतात? — वाचक, नाशिक

तुमचे डॉक्टर बरोबर सांगत आहेत. घरच्या लोकांची फसगत सगळ्यात जास्त होते ती याच आकड्यावर.

आजार परत आलेल्या किंवा न बधलेल्या डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या १२१ रुग्णांना निवोलुमॅब एकटं देऊन पाहिलं गेलं. निकाल २०१९ मध्ये आले. स्वतःच्या पेशींचं ट्रान्सप्लांट होऊनही आजार उलटलेल्यांत १० टक्क्यांना फायदा झाला, ट्रान्सप्लांटला न बसणाऱ्यांत ३ टक्क्यांना. हॉजकिनच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून बघा. कारण असं, की या लिम्फोमात ९पी२४.१चा बदल थोड्याच रुग्णांत असतो. बाकीच्यांत पीडी-एल१ दिसतं ते बऱ्याचदा आजूबाजूच्या मॅक्रोफेजवर (साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर), किंवा जळजळीमुळे तात्पुरतं वर आलेलं. शिवाय या पेशी टी-पेशींना ओळखच पटू नये म्हणून एमएचसीसारखे ओळखीचे रेणूही हरवून बसतात. तिथे एकटा ब्रेक सोडून गाडी पुढे जात नाही.

तुमच्या आईचा आजार वर्षाच्या आत परतला आहे. अशा वेळी सीएआर टी-पेशी उपचाराचा (रुग्णाच्याच टी-पेशी लॅबमध्ये बदलून परत देण्याचा) विचार आधी व्हायला हवा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे. आईचं वय, हृदय आणि किडनी यांवर पुढचं ठरेल, पण प्रश्न या दिशेने विचारा.

एक गोष्ट मात्र खात्रीने तपासून घ्या. आजाराची सुरुवात छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत झाली होती का? प्रायमरी मेडियास्टिनल लार्ज बी-सेल लिम्फोमा हा वेगळा आजार आहे. तो बहुधा तरुण स्त्रियांत दिसतो आणि जनुकांच्या हिशेबात हॉजकिनचा जवळचा नातेवाईक आहे. त्यात ९पी२४.१चा बदल वारंवार असतो. पेम्ब्रोलिझुमॅबला जून २०१८ मध्ये या आजारासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि अभ्यासात ४५ टक्के रुग्णांना फायदा झाला. गाठ श्वासनळी दाबत असेल आणि ती झटपट लहान करायची असेल, तर मात्र हे औषध एकटं देत नाहीत, कारण त्याला वेळ लागतो. मेंदूत किंवा वृषणात सुरू झालेल्या लार्ज बी-सेल लिम्फोमातही हा बदल जास्त सापडतो. रिपोर्टवर आजाराचं पूर्ण नाव आणि सुरुवातीची जागा हे दोन्ही लिहिलेलं नसेल, तर ७० टक्क्यांच्या त्या कागदाचा उपयोग नाही.

प्रश्न : मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लिम्फ नोडवर पीडी-एल१चा स्टेन कधी फिका येतो, कधी सगळी स्लाइडच तपकिरी होते. पॅथॉलॉजिस्ट पुन्हा करायला सांगतात. चूक नेमकी कुठे शोधायची? — वाचक, सोलापूर

चूक बहुतेक वेळा स्टेनरवर नसते. ऑपरेशन थिएटरमधल्या डबीपासून शोधायला सुरुवात करा.

लिम्फ नोडला कवच असतं. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं. दोन सेंटिमीटरची अख्खी गाठ न कापता डबीत टाकली, तर कडा पक्क्या होतात आणि मधला भाग तोवर सडायला लागतो. मग स्लाइडवर कडेला गडद रंग, मधे फिका रंग असं चित्र दिसतं. हे चित्र दिसलं की अँटिबॉडीला दोष देऊ नका. गाठ आल्याबरोबर २ ते ३ मिलिमीटरच्या चकत्या करून फॉर्मॅलिनमध्ये घाला. फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान १० पट हवं, २० पट असेल तर उत्तम. वेळ ६ तासांपेक्षा कमी नको आणि ७२ तासांपेक्षा जास्त नको. शनिवारी संध्याकाळी आलेली गाठ सोमवारी दुपारी कापली जाते, तिकडे खास लक्ष ठेवा.

फॉर्मॅलिन बफर केलेलंच हवं. एक लिटरसाठी ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, १०० मिलिलिटर बाजारचं तीव्र फॉर्मॅलिन, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. नुसतं नळाचं पाणी घालून पातळ केलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होतं. मग अँटिजेन तर खराब होतंच, वर स्लाइडवर काळपट कणही पडतात. बोन मॅरोचा तुकडा असेल आणि तो तीव्र आम्लात डीकॅल्सिफाय केला असेल, तर पीडी-एल१ निगेटिव्ह आलं तरी तो निकाल धरू नये. तिथे ईडीटीए वापरा, वेळ जास्त लागला तरी चालेल.

सेक्शन ४ मायक्रॉनचा. स्लाइड साधारण ६० अंशांवर एक तास ठेवली की पुरे. रात्रभर ओव्हनमध्ये विसरलेल्या स्लाइडवर रंग फिका पडतो. कापून ठेवलेले सेक्शनही महिनोन्‌महिने चांगले राहत नाहीत, म्हणून स्टेन करायचा त्या आठवड्यात ताजे कापा. ॲंटिजेन रिट्रीव्हलमध्ये (फॉर्मॅलिनने झाकलेलं अँटिजेन पुन्हा उघडं करताना) सवयीने एकच बफर सगळ्यांना लावण्याची चूक फार होते. २२सी३ या पीडी-एल१ अँटिबॉडीच्या (क्लोनच्या) किटला कमी पीएचचा बफर लागतो. एसपी२६३ आणि एसपी१४२ हे क्लोन व्हेंटानाच्या मशीनवर अल्कलाइन बफरमध्ये चालतात. एका क्लोनची पद्धत दुसऱ्याला लावली की रंग हमखास फिका. त्यातही एसपी१४२ ट्यूमर पेशींवर मुळातच कमी रंग देतो, त्यामुळे एका लॅबचा २२सी३ आणि दुसरीचा एसपी१४२ असे दोन आकडे शेजारी ठेवून आजार वाढला की घटला ठरवता येत नाही.

कंट्रोल म्हणून प्रत्येक स्लाइडवर टॉन्सिलचा तुकडा ठेवा. क्रिप्टच्या एपिथेलियमवर ठसठशीत रंग, जर्मिनल सेंटरमधल्या मॅक्रोफेजवर मध्यम रंग आणि वरच्या एपिथेलियमवर काहीच नाही, असं दिसलं पाहिजे. क्रिप्ट गडद आहे पण जर्मिनल सेंटर कोरं आहे, तर स्टेन कमी पडला आहे. वरचं एपिथेलियमही तपकिरी झालं, तर जास्त झाला आहे.

सगळी स्लाइड तपकिरी दिसते त्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं, आणि तो तुमचा दोष नसेलही. हॉजकिनच्या गाठीत रीड-स्टर्नबर्ग पेशी अगदी थोड्या, शंभरात एखाद-दुसरी. बाकी सगळी गर्दी टी-पेशी, इओसिनोफिल आणि मॅक्रोफेजची. त्यांतले मॅक्रोफेज स्वतःच पीडी-एल१ दाखवतात, तेही रीड-स्टर्नबर्ग पेशींना चिकटून बसलेले. कमी पॉवरवर सगळं एकच तपकिरी पट्टा वाटतं. वाचणाऱ्याने ४०एक्सवर जाऊन मोठी पेशी, दोन केंद्रकं, मधे ठळक न्यूक्लिओलस असं आधी शोधावं आणि त्या पेशीच्या कडेभोवती रंगाचं पूर्ण वर्तुळ आहे का बघावं. सायटोप्लाझममध्ये नुसता धुरकट रंग असेल, तर तो मोजायचा नाही. जमत असेल तर पॅक्स५ सोबत डबल स्टेन करा. पॅक्स५ रीड-स्टर्नबर्ग पेशींच्या केंद्रकात फिकाच येतो, पण टी-पेशी आणि मॅक्रोफेज त्यात येत नाहीत, त्यामुळे कुठली कड कोणाची ते कळतं.

मोजणी करायचीच असेल तर एच-स्कोअर करा. रंग न आलेल्या पेशींना ०, फिक्याला १, मध्यमला २, गडदला ३, गुणिले टक्केवारी. समजा १० टक्के पेशी कोऱ्या, २० टक्के फिक्या, ३० टक्के मध्यम आणि ४० टक्के गडद आहेत. मग २० अधिक ६० अधिक १२०, म्हणजे ३०० पैकी २००. फुप्फुसासाठीचा टीपीएस (रंगलेल्या ट्यूमर पेशींची टक्केवारी) हॉजकिनला लावू नये. त्याला किमान १०० जिवंत ट्यूमर पेशी लागतात, आणि बारीक कोअर बायोप्सीत तेवढ्या रीड-स्टर्नबर्ग पेशी सापडतीलच असं नाही. रिपोर्टमध्ये क्लोनचं नाव, मशीन आणि कोणत्या पेशी मोजल्या हे तिन्ही लिहिलं जाईल एवढं पॅथॉलॉजिस्टना आठवणीने सांगा.

फिशची (जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीची) विचारणा कधी झाली, तर वाचण्याचे निकष असे : ९पी२४.१ आणि सेंट्रोमिअर ९ यांच्या प्रतींचं गुणोत्तर ३ किंवा जास्त असेल तर ॲम्प्लिफिकेशन. १च्या वर पण ३च्या खाली असेल तर कॉपी गेन. गुणोत्तर १ आहे पण दोन्हींच्या प्रती दोनपेक्षा जास्त आहेत, तर पॉलिसोमी.

प्रश्न : वडिलांच्या रिपोर्टमध्ये 'पीडी-१ : पॉझिटिव्ह' लिहिलं आहे. निदान अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमा. पीडी-१चं औषध आहे, म्हणजे ते वडिलांना लागू पडेल ना? — वाचक, चंद्रपूर

नाही, आणि इथे जरा सावध राहायला हवं. पीडी-१ आणि पीडी-एल१ ही दोन वेगळी प्रथिनं आहेत. वडिलांच्या रिपोर्टमधलं पीडी-१ औषधासाठी तपासलेलं नाही, निदानासाठी तपासलेलं आहे.

लसिकाग्रंथीत बी-पेशी वाढतात त्या जागेत, म्हणजे जर्मिनल सेंटरमध्ये, बी-पेशींना मदत करणाऱ्या फॉलिक्युलर हेल्पर टी-पेशी असतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ भरपूर असतं. वडिलांचा लिम्फोमा याच पेशींपासून होतो. पीडी-१, सीएक्ससीएल१३, आयकॉस, बीसीएल६ आणि सीडी१० यांपैकी किमान दोन, शक्यतो तीन, पॉझिटिव्ह आले की पेशींचं मूळ इथलं आहे असं ठरवतात. म्हणजे तो रंग पेशीच्या गावाचा पत्ता सांगतो. लिम्फोसाइट-प्रेडॉमिनंट या हॉजकिनच्या दुसऱ्या प्रकारातही पीडी-१ असाच निदानाला येतो. तिथे मोठ्या पेशीभोवती पीडी-१ पॉझिटिव्ह टी-पेशींचं कडं दिसतं, फुलाभोवती पाकळ्या असाव्यात तसं.

सावधगिरी यासाठी, की टी-सेल लिम्फोमात कॅन्सरची पेशी स्वतःच टी-पेशी असते. पीडी-१चा ब्रेक तिच्यावरही चालतो. तो सोडला तर काही वेळा कॅन्सरलाच मोकळीक मिळते. उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१७ मध्ये दिसलं, की टी-सेल लिम्फोमात पीडी-१ हे आजार रोखून धरणारं जनुक म्हणून काम करतं. पुढच्याच वर्षी एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होणाऱ्या ॲडल्ट टी-सेल ल्युकेमिया-लिम्फोमाच्या तीन रुग्णांचा आजार निवोलुमॅबच्या एकाच डोसनंतर झपाट्याने वाढला आणि तो अभ्यास तिथेच थांबवावा लागला. टी-पेशींच्या गटातल्या सगळ्यांचं असं होत नाही. नाकाजवळ होणाऱ्या, ईबीव्हीशी जोडलेल्या एनके/टी-सेल लिम्फोमात २०१७ मध्ये सात रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं आणि सातही जणांना फायदा झाला. म्हणूनच रिपोर्टवरचा 'पॉझिटिव्ह' शब्द घेऊन औषधाच्या दुकानात किंवा दुसऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाकडे सल्ला मागू नका.

प्रश्न : बायकोच्या मानेला गाठी होत्या. सुईच्या तपासणीवरून टीबीचं औषध सहा महिने दिलं, उपयोग झाला नाही. आता हॉजकिन निघाला आहे. पुढे निवोलुमॅब लागलं तर टीबीचा काही संबंध येतो का? — वाचक, परभणी

येतो, आणि दोन बाजूंनी येतो.

पहिली बाजू निदानाची. हॉजकिनच्या गाठीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके) होऊ शकतात, आणि सुईने नेमका तोच भाग आला तर रिपोर्ट टीबीसारखा येतो. सुईच्या तपासणीत गाठीची रचना दिसत नाही, आणि लिम्फोमाचं निदान रचनेवरच उभं असतं. टीबीच्या औषधाने दोन महिन्यांत गाठ लहान झाली नाही, तर अख्खी गाठ काढून तपासायला हवी. काढताना तिचे दोन भाग करावेत. छोटा तुकडा निर्जंतुक नॉर्मल सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि टीबी कल्चरसाठी, बाकीचा फॉर्मॅलिनमध्ये. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली की कल्चरचा मार्ग बंद होतो. सर्जनला हे ऑपरेशनच्या आधी सांगावं लागतं.

दुसरी बाजू औषधाची. फुप्फुसात किंवा ग्रंथीत दबून बसलेला टीबी पीडी-१चं औषध सुरू झाल्यावर उफाळून येऊ शकतो. टी-पेशींना मोकळं केल्याने टीबी बरा व्हायला हवा असं वाटतं, पण टीबीच्या जंतूंना वेढून ठेवणारी घडी नाजूक असते आणि ती पीडी-१वरही अवलंबून असते. पत्नीने याआधी टीबीची कोणती औषधं किती महिने घेतली, छातीचा एक्स-रे किंवा सीटी कसा होता, हे सगळे कागद पहिल्याच भेटीत दाखवा. औषध चालू असताना संध्याकाळचा ताप, खोकला, वजन घटणं सुरू झालं, तर ते हॉजकिनचं आहे असं परस्पर ठरवू नका.

प्रश्न : चार डोसनंतरच्या पेट स्कॅनमध्ये एक गाठ मोठी झालेली दिसते, पण रुग्णाला बरं वाटतंय. औषध बंद करायचं का? — वाचक, पणजी

लगेच नको. या औषधांनी टी-पेशी गाठीत घुसतात, त्यामुळे गाठ काही काळ फुगते आणि पेटवर जास्त चमकते. केमोसाठी बनवलेले निकष इथे जसेच्या तसे लावले तर चांगलं चालणारं औषध बंद पडेल. म्हणून २०१६ मध्ये लायरिक नावाचे निकष आले. त्यात 'अनिश्चित' असा वेगळा वर्ग आहे. पहिल्या १२ आठवड्यांत एकूण वाढ ५० टक्के किंवा जास्त दिसली पण रुग्णाची तब्येत ढासळलेली नाही, किंवा एखादीच गाठ वाढली, किंवा आकार तोच पण चमक वाढली, तर या वर्गात टाकायचं. मग १२ आठवड्यांच्या आत पुन्हा स्कॅन करायचा, आणि शक्य असेल तिथे वाढलेल्या गाठीचा तुकडा तपासायचा.

तुकडा घेणं टाळू नका. वाढलेल्या गाठीत लिम्फोमा असू शकतो, टी-पेशींची गर्दी असू शकते, सार्कॉइडसारखा (कॅन्सर नसलेल्या ग्रॅन्युलोमांचा) बदल असू शकतो आणि टीबीही असू शकतो. चारही पेटवर सारखेच चमकतात. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांपैकी काही सुरू झालं असेल, तर मात्र दुसऱ्या स्कॅनपर्यंत थांबू नका.

प्रश्न : औषध महाग आहे. कमी डोस चालतो असं ऐकलं. खरं का? — वाचक, ठाणे

नेहमीचा डोस असा : निवोलुमॅब दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम किंवा दर चार आठवड्यांनी ४८०. पेम्ब्रोलिझुमॅब दर तीन आठवड्यांनी २०० किंवा दर सहा आठवड्यांनी ४००. हे डोस ठरले तेव्हा यांहून बऱ्याच कमी मात्रेतही रक्तातल्या टी-पेशींवरचं बहुतेक पीडी-१ व्यापलेलं दिसत होतं. रशियातल्या छोट्या अभ्यासांत उलटलेल्या हॉजकिनला निवोलुमॅबच्या ४० मिलिग्रॅमच्या ठरावीक डोसने चांगला प्रतिसाद मिळाला. बाजारात ४० मिलिग्रॅमची कुपी मिळते, म्हणजे हा डोस एका कुपीत बसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये केमोच्या गोळ्यांसोबत २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी देऊन मोठा फायदा दाखवला, पण तो आजार वेगळा.

आमचं मत असं : उलटलेल्या हॉजकिनमध्ये पूर्ण डोस परवडत नसेल, तर काहीच न देण्यापेक्षा कमी डोस नक्की चांगला, आणि डॉक्टरांशी हे उघडपणे बोलायला संकोच करू नका. बरा होण्याची शक्यता मोठी असलेल्या पहिल्याच उपचारात, एव्हीडीसोबत, डोस आपल्या मनाने कमी करणं मात्र आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : घरी कशावर लक्ष ठेवायचं? केमोसारखे केस गळतात का? — वाचक, सातारा

या औषधाने एकट्याने केस गळत नाहीत, उलट्याही फारशा होत नाहीत. त्यामुळेच दुर्लक्ष होतं. मोकळ्या झालेल्या टी-पेशी थायरॉइड, फुप्फुस, आतडं, यकृत, त्वचा, पिट्युटरी, क्वचित हृदय अशा कुठल्याही अवयवावर जाऊ शकतात. पहिल्याच महिन्यात होऊ शकतं, आणि शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही.

जुलाब मोजून ठेवा. रोजच्यापेक्षा चार ते सहा वेळा जास्त होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सात किंवा जास्त वेळा असेल तर थेट दाखल. पावसाळ्यात 'बाहेरचं खाल्लं म्हणून' असं समजून लोपेरामाइडच्या गोळ्या घेत घरी बसू नका, त्याने जुलाब थांबल्यासारखे वाटतात आणि आतड्याची सूज आत वाढत राहते. नवा कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागला, तर त्याच दिवशी छातीचा सीटी. आधी ब्लिओमायसिन झालेल्यांनी तर जास्तच जपावं. अचानक खूप तहान आणि वारंवार लघवी सुरू झाली, तर लगेच साखर तपासा.

थायरॉइड बहुधा दोन पायऱ्यांत बिघडतो. आधी धडधड, घाम, वजन घटतं, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) खाली जातं. मग काही आठवड्यांनी थकवा, सुस्ती, टीएसएच वर. म्हणून औषध सुरू करण्याआधी टीएसएच, फ्री टी४, सकाळचं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड), साखर, यकृत आणि किडनीच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही एवढं करून घ्यावं, आणि टीएसएच पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी. थकवा आहे म्हणून थायरॉइडची गोळी सुरू करायची असेल, तर आधी कॉर्टिसोल बघितलंच पाहिजे. कॉर्टिसोल कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली तर रुग्ण कोसळू शकतो.

त्रास मोठा असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम देतात आणि चार ते सहा आठवड्यांत हळूहळू कमी करतात. बरं वाटलं म्हणून मधेच बंद केलं की त्रास उसळून परत येतो. आणि गावातल्या डॉक्टरांकडे जाताना औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद खिशात ठेवा, कारण 'केमो चालू आहे' एवढंच सांगितलं तर उपचार वेगळ्याच वाटेने जातात.

प्रश्न : निवोलुमॅबने आजार आटोक्यात आला आहे. आता भावाच्या पेशी घेऊन ट्रान्सप्लांट करायचं म्हणतात. काही धोका? — वाचक, अकोला

आहे. हे औषध शरीरात आठवडेच्या आठवडे टिकतं. नंतर दुसऱ्याच्या पेशी घातल्या की त्या टी-पेशीही मोकाट सुटतात आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करण्याचा आजार, जीव्हीएचडी, जास्त तीव्र होऊ शकतो. म्हणून शेवटचा डोस आणि ट्रान्सप्लांट यांत अंतर ठेवतात, आणि ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत अशा रुग्णांत उपयोगी पडते. ट्रान्सप्लांट टीमला किती डोस झाले आणि शेवटचा कधी झाला, हे तारखांसह लेखी द्या. स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लांट असेल, तर ही अडचण येत नाही.

प्रश्न : लॅग-३, टिम-३, टिजिट या नव्या मार्करचं पॅनेल एका लॅबने सुचवलं आहे. करावं का? — वाचक, पुणे

संशोधनात भाग घेत असाल तर जरूर. उपचार ठरवण्यासाठी नको. लॅग-३ हा टी-पेशींवरचा आणखी एक ब्रेक; त्यावरचं रेलाटलिमॅब २०२२ मध्ये निवोलुमॅबसोबत अमेरिकेत मंजूर झालं, ते मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी. लिम्फोमात या पॅनेलचा निकाल काहीही आला तरी तुमचा पुढचा उपचार बदलत नाही. तेच पैसे ब्लॉक लिम्फोमाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसऱ्यांदा वाचून घेण्यासाठी वापरा.